बिनघंटीचा कंडक्टर

"आणखी एकदा मारा चावी, अण्णा."

"मारून मारून अंगठा दुखायला लागला. कट कट करतीया अन् गप बसतीया. सोंगाडी कुठली!"

अण्णांनी स्टिअरिंगवर एक चापट मारली. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. घाटात एसटी बंद पडली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची नाही, आणि इथे मारुतीच्या एवढ्याशा गाडीपुढे घामाघूम झाले होते. रविवारची दुपार. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर. आणि मजा अशी की गाडी बंद पडली होती ती आमच्याच दारात, करमाळ्यात, आणि दारात उभा असलेला माझा नवरा सुदाम गावातला सगळ्यात नावाजलेला गाड्यांचा वायरमन होता. जीप, ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, सगळे त्याच्याच दुकानाला लागायचे. तो उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभा होता आणि अण्णा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

कारण माझे वडील माझ्या नवऱ्याशी बोलायचे नाहीत.

मी परजातीत लग्न केलं तेव्हा बार्शीला आमच्या जातीची पंचायत बसली होती. घर वाळीत टाकायचं का ठेवायचं यावर दिवसभर काथ्याकूट झाला. शेवटी अण्णांना बेलभंडारा उचलायला लावला. मुलीच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, तिच्या घरचं पाणी पिणार नाही, जावयाशी शब्द बोलणार नाही. अण्णांनी उचलला. काय करणार? पदरात माझ्या भावाचा, रमाकांतदादाचा संसार होता, त्याची लहान पोर होती.

बरीच वर्षं त्यांनी ती शपथ अक्षरशः पाळली. मला वाटलं, संपलं आपलं माहेर. मग एका रविवारी दारात हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघते तर पांढरी मारुती आणि आत अण्णा.

"बस," ते म्हणाले. मी बघतच राहिले. "बस की आत! उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई म्हणलो होतो. गाडीला कुठं उंबरा हाय?"

तेव्हापासून ते येत राहिले. घरी सांगायचे, सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला जातो. आणि जायचेही. देवाच्या नावानं लबाडी करायची नाही म्हणून आधी खरोखर सोनारीला थांबायचे, नारळ वाढवायचे आणि मग पुढे करमाळ्याला यायचे. पाण्याची बाटली घरची. माझ्या घरचा घोट नाही की सुपारी नाही. पण गाडीच्या काचा वर केल्या की हा माणूस असा काही बोलायचा! घरात 'वाढ' आणि 'दिवा मालव' याखेरीज ज्यांचा आवाज ऐकला नाही, ते माझे वडील त्या गाडीत बसून मन रिकामं करायचे. आईचं अर्धं अंग लुळं पडलं ते मला त्या गाडीतच कळलं. सांगताना अण्णा रडले, नाक ओढत, पोरासारखे. तिला कसं उचलतात, कशी धुतात-पुसतात, तिला किती लाज वाटते, सगळं सांगितलं. आईला बोलता यायचं, पण तुटक तुटक. अण्णा इथून परत गेले की ती एकच विचारायची, उजीनं कोणती साडी नेसली होती? म्हणून ते निघताना माझ्याकडे नीट बघून घ्यायचे. "हिरवी. काठ कसला म्हणू? आंबा हाय व्हय हा?"

आणि त्या दिवशी तर ते जग जिंकल्यासारखे आले होते.

"पुढच्या आयतवारी तिला आणतो," बसल्या बसल्याच म्हणाले.

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? तुझ्या आईला! मागच्या सीटवर उशा लावतो अन् आणतो. म्हणलं तिला, सोनारीला जायचंय म्हणून सांगायचं सगळ्यांना."

लग्नानंतर मी आईला बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

"अन् ऐक," अण्णा खाली वाकून हळूच म्हणाले, "बेलभंडारा मी उचललाय, तिनं न्हाई उचलला. ती तुझ्या घरात येऊ शकती. तुझ्या हातचं खाऊ शकती. कुणाच्या बापाचं भ्या हाय?"

मी रडायला लागले तर मलाच दटावलं. मग निघायला म्हणून चावी फिरवली आणि गाडी कट कट करून बसली.

"अण्णा, आता पुरे झालं," मी म्हणाले. "सुदामला बघू द्या."

"उजे, शपथ हाय."

"शपथ बोलायची नाही अशी आहे. बॉनेट उघडायचं नाही अशी आहे का? का गाडीलापण जात लावताय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि खाली हात घालून बॉनेटचा खटका ओढला. सुदाम त्याचीच वाट बघत असावा. पेटी घेऊनच पुढे आला.

मग जो खेळ झाला तो आठवला की मला आजही हसू येतं. दोघे एकाच बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"उजे, त्याला सांग, बॅटरी नवी हाय. तरी हल्ली सारखी उतरती."

"उज्ज्वला, त्यांना विचार, गाडी उभी असतानाच उतरते का?"

"उजे, सांग त्याला, व्हय. दोन दिवस उभी केली की मेलीच."

"मग कोणीतरी करंट खातंय. विचार, टेप वगैरे नवीन काय बसवलंय का?"

"विचारतीस काय, मला ऐकायला येतंय! काय बसवलं न्हाई म्हणावं."

सुदाम दार उघडून ड्रायव्हरच्या पायाशी आडवा झाला. डोकं डॅशबोर्डखाली, पाय रस्त्यावर. बराच वेळ आतून नुसता खुडबुड आवाज. मग तोही थांबला. मग सुदाम बाहेर आला, पण उठला नाही. तिथेच रस्त्यावर बसून त्यानं वर बघितलं.

"अण्णा, हे तुम्ही बसवलंय?"

नवरा सरळ वडिलांशी बोलला होता. आणि अण्णाही सरळ त्याच्याशी बोलले.

"काय हाय?"

डॅशबोर्डखाली दोन तारांना लोंबकळत काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिच्यावर बारीकसा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"गाडी कुठे आहे ते सांगणारा डबा आहे. आत सिमकार्ड असतं. तुम्ही जिथे जाल ते मोबाईलवर दिसतं, ज्याच्याकडे असेल त्याला. ट्रकमालक बसवतात, ड्रायव्हर डिझेल विकू नये म्हणून. पण ते सांगून बसवतात. हा लपवलाय."

अण्णा वाकून डबीकडे बघत राहिले. मग कोरडं हसले.

"एसटीत माझ्या मागं कंडक्टर असायचा. पर तो घंटी मारून बोलायचा. हा बिनघंटीचा कंडक्टर कवा चढला माझ्या गाडीत?"

उत्तर त्यांनाच ठाऊक होतं.

"दिवाळीच्या आधी रम्या म्हणला, अण्णा, तुम्ही कशाला दगदग करता, गाडी मी सर्व्हिसिंगला नेतो. धुवून पुसून आणली. नवं फडकं बी टाकलं सीटवर. मला वाटलं, पोरगं मायेत आलं."

"म्हणजे दादाला माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही इथे येता ते."

"कवाचंच. अन् एका शब्दानं बोलला न्हाई. रोज ताट समोर घेऊन बसतो माझ्या."

सुदाम अजून रस्त्यावरच बसला होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. मी म्हटलं, "बोल की बाबा एकदाचं."

"अण्णा, ह्याच्यात माईक असतो. तिकडून ह्याच्या सिमला फोन लावला की हा न वाजताच उचलतो. गाडीत जे बोललं जातं ते तिकडे ऐकू जातं."

अण्णांनी एक हात गाडीच्या टपावर ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आधी त्यांना ते नीट कळलंच नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट आठवत गेली असावी.

"म्हंजे मी रडलो ते ऐकलं त्यानं."

"अण्णा, असं काही नाही, रोज कोण कशाला..."

"तिला मी कसं धुतो ते सांगितलं होतं तुला. तिला कशी लाज वाटती ते. ते मी देवापुढं बी बोललो नव्हतो, उजे. हिच्यात बोललो होतो. काचा लावून." त्यांनी टपावर हात आपटला. "पोरानं आईबापाचं हे ऐकायचं असतं व्हय? भाड्या! विचारायचं होतं की तोंडावर!"

मला दादाचा असा राग आला की त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याच्या कानफटात वाजवली असती. आणि त्याच वेळी ध्यानात आलं, आईला आणायचंही आत्ताच, याच गाडीत ठरलं होतं.

सुदामनं तिढा सोडवायचा म्हणून एक तोडगा काढला. "उपटू का? उपटून असाच चालू ठेवतो, बॅटरी लावून, आणि स्टँडवर जाऊन पुण्याच्या एसटीत सीटखाली टाकतो. बसू देत शोधत. अण्णांची गाडी स्वारगेटला कशी गेली म्हणून."

अण्णा हसले. खरंच हसले, पोटापासून, आणि सुदामच्या खांद्यावर थाप मारली. त्या दोघांना हसताना बघून मला वाटलं, जाऊ दे, डबी तर डबी, हिच्यामुळे एवढं तरी झालं.

पण मग अण्णा गंभीर झाले. "नगं. काढला की त्याला कळणार. परत एक लावंल दुसरीकडं. त्यापेक्षा बोलतोच त्याच्याशी."

"घरी जाऊन?"

"घरी? आम्ही बापलेक कधी समोरासमोर बोललोय व्हय? तो त्याच्या आईला सांगायचा, ती मला सांगायची. आता तिलाच बोलणं जमंना, मग आमचंबी बंद. हितं बोलतो. त्याला ऐकायचीच सवय लागलीया तर ऐकू दे."

"अण्णा, आत्ता कोणी ऐकत असेल का नाही ते सांगता येत नाही," सुदाम म्हणाला. "नुसत्या भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं."

"भिंतीला बी कान असतात म्हणतात. ह्याला तर खरंच हायत."

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं नाही, म्हणून मी शेजारी बसले आणि सुदाम उघड्या दारात उभा राहिला. अण्णा त्या डबीकडे वाकून, जरा मोठ्यानं, एसटी डेपोत खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले.

"रमाकांता, ऐकतोयस न्हवं? मी बोलतोय. तुला समदं कळलंय तर मी झाकून काय करू? व्हय, मी येतो उजीकडं. लई दिवस झालं येतो. शपथ मोडली म्हण, मोडली. आज जावयाशी बी बोललो. चांगला माणूस हाय, तू बी बोलून बघ एकदा. पर माझं सोड. तुझी आई किती दिवसाची हाय, तुला ठाऊक हाय. तिला एकदा पोर बघू दे. एकदाच. पुढच्या आयतवारी मी तिला आणणार हाय हितं. तू अडवू नगंस. मग तू म्हणशील तसं. गाडी ईक म्हणलास, ईकतो. पुन्हा करमाळ्याचं नाव काढणार न्हाई. बाप हात जोडतोय तुला, एवढं कर."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. त्या काळ्या डबीला. दिवा लुकलुकत होता, तसाच लुकलुकत राहिला.

सुदामनं दुकानातली बॅटरी आणून तिला तारा जोडल्या आणि गाडी चालू करून दिली. अण्णांनी गिअर टाकला, काच खाली केली.

"जावई, येतो," म्हणाले.

सुदाम घरात गेला आणि कितीतरी वेळ नळाखाली तोंड धूत राहिला.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हते. सुदामनं ओळखीच्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली. खुर्ची उंबऱ्यावरून चढावी म्हणून फळीचा उतार केला, मलाच तीनतीनदा बसवून चढवून बघितला. मी शेंगांच्या पोळ्या केल्या. आई दातानं चावणार नाही म्हणून दुधात भिजवून मऊ होतात का ते बघितलं. साडीवर तर माझं ठरेना. आजवर तिनं माझ्या साड्या अण्णांच्या डोळ्यांनी बघितलेल्या. आता ती स्वतः बघणार.

रविवार उजाडला. सकाळ गेली. सोनारी करून येणार, उशीर व्हायचाच म्हणून मी दुपारपर्यंत धीर धरला. मग दारात जाऊन बसले. प्रत्येक गाडीचा आवाज मला मारुतीचा वाटायचा. पोळ्या झाकलेल्या. सुदाम म्हणाला, "आईला बरं नसेल. पुढच्या रविवारी येतील." अण्णांचा फोन बंद. ऊन उतरलं, सावल्या अंगणभर झाल्या, आणि मी तशीच नवी साडी नेसून बसलेली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, मधल्याच वारी, दारात हॉर्न वाजला. तोच हॉर्न. हातातलं पीठ तसंच घेऊन मी धावले.

काच खाली झाली. आत रमाकांतदादा होता. केस पिकलेले, गालफडं बसलेली. मागची सीट रिकामी.

"आई कुठाय?"

"बस आत."

"आधी सांग, आई कुठाय?"

"घरी हाय. जिवंत हाय. बस म्हणतो ना, रस्त्यावर तमाशा नगं."

मी बसले. त्यानं काचा वर केल्या. "डबा काढलाय," म्हणाला. "आता कोण ऐकत न्हाई."

"फार उपकार झाले. अण्णा तुझ्याशी बोलले ते ऐकलंस का नाही?"

"ऐकलं."

"मग? बापानं हात जोडले होते तुला!"

"मी एकटा नव्हतो, उजे."

मला कळेना.

"पंच बसले होते आपल्या ओसरीवर. फोनचा स्पीकर लावला होता." तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता. "माझ्या पोरीची सोयरीक ठरलीया. कुणीतरी अण्णांची गाडी करमाळ्यात बघितली अन् पंचांच्या कानावर घातलं. पंच म्हणले, खरं काय ते शोधून दे, न्हाईतर तुझ्या मांडवात माणूस यायचा न्हाई. डबा त्यांनीच बसवायला लावला."

"आणि तू बसवलास."

"मला वाटलं, अण्णा देवालाच जात असतील! आईशपथ, उजे. म्हणलं, डबाच सांगंल, म्हातारा सोनारीला जातो अन् परत येतो. मी अण्णांना सोडवायला बसवला होता गं!" त्याचा आवाज चिरकला. "पहिल्यांदा गाडी सोनारीला थांबली तवा मी पेढे वाटायचा बाकी राहिलो होतो. मग ती पुढं सरकायला लागली."

"पण त्या दिवशी अण्णा बोलायला लागले तेव्हा तरी बंद करायचास."

"गेलो होतो करायला. थोरल्या पंचानं मनगट धरलं. म्हणला, ऐकू दे. अन् अण्णांनी सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. येतो ते, शपथ मोडली ते, जावयाशी बोललो ते. आता नाकारायला काय राहिलं? मी दंड भरतो म्हणलो. पैशात भागायचं न्हाई म्हणले."

"मग कशात भागलं?"

दादानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"अण्णांनी तुझं दहावं घातलं."

मला हसूच आलं. "माझं? मी ही बसलेय की तुझ्या शेजारी! आणि दहावं घालायचं तर ते सासरच्यांनी. माहेरचे कोण?"

"पंच तुझं लग्नच मानत न्हाईत."

"आणि कावळा? शिवला का कावळा?"

"न्हाई शिवला. लई वेळ बसलाव नदीला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"बघ. पंचांपेक्षा कावळ्याला अक्कल आहे." माझी जीभ ही अशी, ऐन वेळीसुद्धा गप बसत नाही. "घाला, दहावं घाला, तेरावं घाला. जिवंत माणसाला मेलं म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. मला फक्त आईला कधी आणताय ते सांग."

दादा रडायला लागला. मोठा पुरुष, स्टिअरिंगवर डोकं टेकून.

"आईला सांगितलं, उजे. तू गेलीस म्हणून."

मी काच खाली करायला गेले, हाताला पीठ, काच खाली होईना.

"सुतक घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, पंच म्हणले. आधी मी सांगितलं तिला. तिनं मान हलवली. न्हाई म्हणली. माझं तिला खरं वाटंना. मग अण्णा आत गेले."

"अण्णांनी? अण्णांनी सांगितलं?"

"ते बी तयार नव्हते. दोन दिवस जेवले न्हाईत. पर आई सारखी विचारायची, आयतवार आला का? साडी काढून उशाला घेऊन बसलेली. अण्णा म्हणायचे, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, उद्या. मग एक दिवस उठले अन् म्हणले, माझ्यानं न्हाई बघवत, तिचं वाट बघणं तरी संपवतो. अण्णांचं तिनं लगेच मानलं. तुझं सगळं तिला अण्णाच सांगायचे ना."

"चल," मी म्हणाले. "गाडी काढ. मी येते. तिच्या पुढ्यात उभी राहते, बघू काय करतात तुझे पंच."

"अन् तिचं काय होईल? केवढा जीव राहिलाय तिच्यात? मेलेली लेक दारात बघितली तर तिथंच डोळे फिरवंल. अन् न्हाई फिरवले, तर पंच घर वाळीत टाकतील. माझी पोर बसंल जन्मभर. आई गेली तर खांद्याला चार माणसं मिळायची न्हाईत. अण्णांनीच सांगायला धाडलंय मला. त्यांना यायचं धाडस होईना." त्यानं डोळे पुसले. "येऊ नगंस, उजे."

सुदामला कळलं तेव्हा तो पेटून उठला. असल्या बहिष्काराविरुद्ध सरकारनं कायदा केलाय, आत्ता पोलिसात जाऊ म्हणाला. मी विचारलं, साक्षीला कोण उभं राहणार? अण्णा, स्वतःच्या पोराविरुद्ध? तरी मला राहवेना. दोनच दिवसांनी दोघं बार्शीला गेलो. सुदाम गल्लीच्या तोंडाशी थांबला. मी एकटी दारापर्यंत गेले.

अण्णा ओसरीवर बसले होते. डोक्याचा गोटा, मिशी उतरवलेली, माझ्यासाठी उतरवलेली. मला बघून उठले. मी पायरीवर पाय ठेवला तशी त्यांनी आडवे येऊन हात जोडले. नुसते हात जोडून मान हलवत राहिले, नको, नको म्हणून.

आतून आईचा आवाज आला. कितीतरी वर्षांनी ऐकला मी तो. बारीक झालेला, अडखळणारा, पण तोच.

"कोन... हाय?"

अण्णा माझ्याकडे बघतच म्हणाले, "कोण न्हाई गं."

मी परत फिरले. आई म्हणून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती, एवढं जवळ होतं ते दार. पण ती हाक तिच्या कानाला कशी लागेल याची मला भीती वाटली, आणि अण्णांच्या त्या जोडलेल्या हातांवरून मला पुढे जाता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, अनोळखी नंबरवरून फोन आला. मी भाकरी थापत होते.

"उजे."

"अण्णा!"

"तुझी आई गेली. सकाळी. सगळं उरकलं."

हातातली भाकरी परातीतच राहिली. तिकडे मागे स्टँडवरचा गलका ऐकू येत होता.

"तरास झाला न्हाई काय," अण्णा म्हणाले. "उलट शेवटी लई आनंदात होती. रात्रीच मला म्हणली, माझी चांगली साडी काढा. कुठं निघालीस म्हणलं, तर हसली. म्हणली, उजीकडं चालले."

"अण्णा," मी म्हणाले, "मी इथे आहे."

बराच वेळ नुसता गलका येत राहिला.

"ठाऊक हाय गं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.